टोकनची रांग: चाचणी घ्यायची की अंतराल काढायचं?

बँकेच्या शाखेत पाटी आहे: 'सरासरी प्रतीक्षा १० मिनिटं.' टोकन मशिनमध्ये टोकन काढल्याची आणि नंबर पुकारल्याची वेळ नोंदलेली असते. समजा, त्यातून ३६ टोकनं उचलली. सरासरी आली ११.४ मिनिटं, प्रमाण विचलन (वेळा सरासरीपासून साधारण किती पसरल्यात ते) ४.८. आता गृहीतक चाचणी लावून पाटीचा दावा फेटाळता येतो का ते बघायचं, की विश्वास अंतराल, म्हणजे ज्याला सगळे कॉन्फिडन्स इंटरव्हलच म्हणतात (खरी सरासरी ज्यात असावी अशी आकड्यांची पट्टी), ते काढायचं?

आकडेमोड दोन्हीकडे जवळपास तीच. ४.८ ला ३६ च्या वर्गमुळाने भागलं की ०.८ ही प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलू शकते ते. इतक्या लहान नमुन्याला सीमेचे आकडे देणारा टी-तक्ता वापरायचा. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलेल्या कामातून तो आला आहे.

चाचणीत जादाचे १.४ मिनिटं भागिले ०.८, म्हणजे १.७५. 'सरासरी दहापेक्षा जास्त आहे का' असं एकाच बाजूने विचारलं, तर पाच टक्क्यांची सीमा (पाटी खरी असताना ती चुकून फेटाळण्याची शक्यता पाच टक्के ठेवणारा आकडा) १.६९. पाटीचा दावा फेटाळला! 'दहापेक्षा वेगळी आहे का' असं दोन्ही बाजूंनी विचारलं, तर सीमा २.०३. आता दावा फेटाळता येत नाही. टोकनं तीच, निकाल उलटा. दहापेक्षा कमी वेळ लागला म्हणून कोणी भांडायला येत नाही, त्यामुळे इथे एकतर्फी प्रश्नच मला रास्त वाटतो. पण तो आकडे बघण्याआधी कागदावर लिहून ठेवायला हवा. निकाल पाहून बाजू निवडणं म्हणजे बाण मारून मग भोवती वर्तुळ काढणं.

९५ टक्के भरवशाच्या अंतरालात ११.४ उणे-अधिक १.६ (२.०३ गुणिले ०.८), म्हणजे साधारण ९.८ ते १३ मिनिटं. दहा त्यात बसतात आणि साडेबाराही बसतात. 'पाटी कदाचित खरी असेल, पण सरासरी तीन मिनिटांनी जास्त असण्याचीही शक्यता आहे' हे चाचणीच्या हो-नाहीतून कळलं नसतं. (अंतरालाची पद्धत मांडणारे नेमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते, तेव्हा आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तिथेच पीएच.डी. करत होते.) मात्र 'बहुतेक ग्राहक ९.८ ते १३ मिनिटं थांबतात' असा अंतरालाचा अर्थ लावू नका. हे अंतराल सरासरीचं आहे. एखादा ग्राहक पंचवीस मिनिटंही बसलेला असू शकतो, आणि तक्रारवहीत नेमका तोच लिहितो.

नमुना वाढवला की चाचणीची दुसरी खोड दिसते. समजा ९०० टोकनं घेतली, सरासरी १०.४ आणि विचलन तेच. आता त्रुटी ०.१६, फरक भागिले त्रुटी हे गुणोत्तर २.५, दावा दणदणीत फेटाळला. फरक किती? २४ सेकंद! अंतराल १०.१ ते १०.७ येतं आणि त्यावरून कोणी नवा काउंटर उघडणार नाही.

म्हणून काउंटर वाढवायचा का, जेवणाची सुट्टी आळीपाळीने द्यायची का, असे खर्चाचे आणि सोयीचे निर्णय असतील तर मी डोळे झाकून अंतराल घेईन. चाचणी ठेवेन ती करारासाठी. बाहेरच्या एजन्सीने 'सरासरी दहाच्या आत' असं लिहून दिलंय आणि दंड लावायचा की नाही एवढंच ठरवायचंय, तिथे आधी ठरवलेला हो-नाहीचा नियम भांडण टाळतो. नव्या काउंटरच्या आधीची आणि नंतरची तुलना असेल, तर दोन अंतरालं एकमेकांवर येतात का हे बघत बसू नका. दोन सरासरींच्या फरकाचंच एक अंतराल काढा.

दोन्ही पद्धतींना सारखंच बुडवणारी चूक आधीच झालेली असते. सोमवारी सकाळची सलग ३६ टोकनं घेतलीत, तर ती ३६ स्वतंत्र माणसं नव्हेत. ४१ नंबरचं काम अडलं की ४२, ४३, ४४ सगळेच ताटकळतात. मग खरी त्रुटी ०.८ पेक्षा बरीच मोठी असते. टोकनं महिनाभरात विखरून घ्या, पेन्शनचे पहिले दिवस धरून. आणि पुकारल्यावर कोणीच आलं नाही, ती टोकनं पुसू नका. कंटाळून निघून गेलेली माणसं त्यांतच असतात.