कवचाविना नऊ महिने : उच्च-तापमान स्क्विड संवेदकाचा रबाळ्यातील अनुभव

रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाट्यांमधील आतल्या चिरा शोधण्यासाठी गेले नऊ महिने उच्च-तापमान अतिवाहकाचा स्क्विड संवेदक, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप, रोज वापरात आहे. चीर जितकी खोल, तितकी वारंवारता कमी ठेवावी लागते, आणि तिथे साध्या तारेच्या कॉइलची संवेदनक्षमता घटत जाते. स्क्विडची तशी घटत नाही. आम्ही ११५ हर्ट्झवर काम करतो. या वारंवारतेला भोवरप्रवाह (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणारे विद्युतप्रवाह) अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे आठ मिलिमीटर खोल पोहोचतात आणि विजेच्या ५० हर्ट्झच्या पटीतल्या खुणाही टळतात. पाट्या मोठ्या असल्यामुळे त्या म्यू-मेटलच्या, म्हणजे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या कवचाच्या, खोलीत नेणे शक्य नव्हते, म्हणून संवेदक उघड्यावरच चालवायचा हे पहिल्या दिवशीच ठरले होते.

खरेदी करताना माझे सारे लक्ष माहितीपत्रकातील गोंगाटाच्या (संवेदकाच्या स्वतःच्या खोट्या संकेताच्या) आकड्याकडे होते, आणि ती माझी चूक झाली. तो आकडा कवचाच्या आत मोजलेला असतो. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. या क्षेत्रात चिप ७७ केल्व्हिनपर्यंत थंड होत असताना तिच्यावरील अतिवाहकाच्या रुंद पटलात चुंबकीय भोवरे, म्हणजे क्षेत्राचे बारीक धागे, अडकतात, ते जागचे हलू लागले की कमी वारंवारतेचा गोंगाट वाढतो, आणि आमच्या पहिल्या चिपमध्ये नेमके हेच घडले. एका भोवऱ्यात चुंबकीय फ्लक्सचा एक क्वांटम (सर्वांत लहान वाटा), म्हणजे २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर, एवढा फ्लक्स असतो. त्याला ४३ मायक्रोटेस्लाने भागून वर्गमूळ काढले तर उत्तर सात मायक्रोमीटरच्या आसपास येते. पट्टी याहून अरुंद असेल तर भोवरा तिच्यात सहसा टिकत नाही. दुसरी चिप आम्ही चार मायक्रोमीटरच्या पट्ट्या आणि मधे खाचा अशा आराखड्याची घेतली. तिचा गोंगाटाचा आकडा कागदावर पहिलीपेक्षा किंचित वाईट आहे, तरी उघड्यावर ती कितीतरी सरस ठरली.

आवाराजवळून ठाणे-वाशी लोहमार्ग जातो. गाडी गेली की एकेरी (एकाच वेटोळ्याच्या) मॅग्नेटोमीटरचा लॉक, म्हणजे फीडबॅक सर्किटची संकेतावरची पकड, हमखास सुटायचा, कारण क्षेत्र इतक्या झपाट्याने बदलते की फीडबॅक सर्किटला त्याच्या मागे धावता येत नाही. समतल ग्रेडिओमीटर, म्हणजे शेजारच्या दोन वेटोळ्यांतील फरक मोजणारा संवेदक, बसवल्यावर हा त्रास जवळजवळ थांबला. लांबच्या स्रोताचे क्षेत्र दोन्ही वेटोळ्यांत सारखेच पडते आणि वजा होते. अशा व्यत्ययाचे दुखणे मुंबईला जुनेच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, ते शहरातील ट्राम विजेवर धावणार म्हणूनच. आज त्या नोंदी सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे आमच्याच नवी मुंबईत आहे.

कंपनाचा मात्र मला आधी अंदाज आला नव्हता. मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या क्षेत्रात एक मायक्रोरेडियन जरी कलला, तरी सुमारे ४० पिकोटेस्लापर्यंत खोटा संकेत मिळू शकतो, आणि मानवी हृदयाचे छातीवर मोजलेले क्षेत्रही याच श्रेणीतले असते. लोखंडी टेबल काढून आम्ही सागवानी चौकट केली, स्क्रू पितळेचे घेतले आणि पायांखाली वाळूच्या पिशव्या ठेवल्या. पोलादी खुर्ची हातभर सरकवली तरी पडद्यावरची रेषा चढते, त्यामुळे खोलीत आता बाकेही लाकडीच आहेत.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. जुलैत एका सकाळी ऑसिलोस्कोपवरील फ्लक्स-व्होल्टेज वक्राची उंची (म्हणजे संवेदकाच्या संकेताची ताकद) निम्म्याहून कमी झालेली दिसली. मोबाइलच्या लहरींमुळेही ती कमी होते, म्हणून आधी ड्युअरभोवती (द्रवरूप नायट्रोजनच्या थर्मासासारख्या भांड्याभोवती) पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. फरक पडला नाही. चिप जिच्यात बंद असते ती कुपी उघडली तेव्हा झाकणाच्या रबरी कड्यावर बारीक थेंब होते. चिपवरील अतिवाहक पदार्थाचे पाण्याशी मुळीच जमत नाही, आणि वारंवार थंड-गरम करताना सील सैल पडून दमट हवा आत शिरली होती. ज्या विक्रेत्याकडून कुपी घेतली होती त्याने सीलची जबाबदारी नाकारली, याचा मला अजूनही राग आहे. पहिली चिप त्यातच गेली. दुसरी आम्ही कोरड्या नायट्रोजनमध्ये इपॉक्सीने बंद केली आणि तेव्हापासून तिचा वक्र ढळलेला नाही.

द्रवरूप नायट्रोजन रोज भरावा लागतो, पण त्याचा फारसा जाच नाही. सुटीनंतर नव्याने थंड करायचे झाले तर चिपलगतचा छोटा हीटर लागतोच. एखादा भोवरा अडकला तर काही सेकंदांत चिप ९२ केल्व्हिनच्या वर, म्हणजे अतिवाहकता संपते तिथवर, नेऊन पुन्हा थंड करता येते, ड्युअर उपसावा लागत नाही. नवा संवेदक घेणाऱ्याने विक्रेत्याला पट्टीची रुंदी, ग्रेडिओमीटरचे संतुलन (दोन्ही वेटोळी किती सारखी आहेत) आणि सर्किटचा स्ल्यू रेट (क्षेत्राच्या बदलामागे धावण्याचा वेग) आधी विचारावा. गोंगाटाचा आकडा विचारायचाच असेल तर तो पृथ्वीच्या क्षेत्रात थंड करून मोजलेला हवा असे स्पष्ट सांगावे, आणि कुपी कशी बंद केली आहे ते स्वतः तपासून पाहावे.