नवीन बोर्डाचे ४,८०० घेतले, बसवला आमचाच जुना

टीव्ही बिघडला म्हणून इंटरनेटवर नंबर शोधून कोणाला घरी बोलावणार असाल, तर आधी हे वाचा.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. जुलैत आमचा ३२ इंची एलईडी टीव्ही बंद पडला. लाल दिवा लागायचा, पण रिमोट दाबला की दिवा दोन-तीनदा लुकलुकून परत लाल. सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दिवसभर पलंगावर. टीव्ही हाच त्यांचा विरंगुळा. म्हणून मी घाई केली. कंपनीचं नाव टाकून पुढे 'सर्व्हिस सेंटर' लिहिलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, कंपनीचा नंबर नव्हता.

तासाभरात दोघं आले, गळ्यात कंपनीच्या नावाचं ओळखपत्र. मागचं झाकण काढलं, व्होल्ट मोजायचा साधा मीटरही लावला नाही. "मॅडम, सप्लाय बोर्ड जळलाय. आत्ता बदलला नाही तर पॅनल जाईल, मग पंधरा हजार." सप्लाय बोर्ड म्हणजे टीव्हीला वीज पुरवणारा भाग, पॅनल म्हणजे पडदा. व्हिजिटचे ३५०, नवीन बोर्डाचे ४,८००, त्यातले निम्मे आधी. मी यूपीआयने पाठवले. ते जुना बोर्ड काढून पिशवीत घालताना सासरे म्हणाले, "अगं, काय नेतायत त्याचा फोटो तरी काढून ठेव." त्या एका फोटोमुळेच पुढचं सगळं कळलं.

चार दिवसांनी बोर्ड बसवून उरलेले पैसे घेऊन गेले. सतरा दिवसांनी पुन्हा तोच लाल दिवा. माझा फोन उचलेनात. नणंदेच्या फोनवरून लावला तर पहिल्या रिंगला उचलला आणि माझं नाव ऐकताच ठेवला.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी लॅमिंग्टन रोडवर आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. त्यांनी आम्हाला लांब उभं केलं आणि मीटर लावला. स्टँडबायचे, म्हणजे नुसता लाल दिवा असतानाचे, ५ व्होल्ट बरोबर. १२ व्होल्टची लाइन मात्र टीव्ही चालू करताच ७ वर घसरायची. म्हणजे लोड आला की सप्लाय बसतो, म्हणून दिवा लुकलुकतो. पॅनल गेला असता तर आवाज आला असता, चित्रात पट्टे दिसले असते, असं ते म्हणाले. मग वायर काढली, तरी बोर्डाला हात लावेनात. मोठ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागात, प्लग काढल्यावरही ३०० च्या वर व्होल्ट साठून राहतात, जीव जाऊ शकतो. दोन वायरी जोडलेला बल्ब लावून त्यांनी त्यातली वीज आधी उतरवली. हे माहीत नसेल तर घरी झाकण उघडूच नका, कळकळीने सांगते.

बोर्ड बाहेर आला आणि मी फोटो शेजारी धरला. स्टिकरवरचा नंबर तोच. कोपऱ्यातला तपकिरी डागही तोच. १२ व्होल्टच्या लाइनवर तीन कंडेन्सर होते. त्यातल्या दोन कंडेन्सरच्या डोक्यावरची फुलीसारखी खाच पुरीसारखी टम्म फुगलेली. तिसरा बदललेला, तोही दुसरीकडून काढलेला जुना, ८५ डिग्रीपर्यंतच उष्णता सोसणारा. मूळचे १०५ चे. काकांनी लॅमिंग्टन रोडवरून १०५ चे तीन नवीन आणून बसवले. साठ रुपये. टीव्ही त्या दिवसापासून व्यवस्थित चालतोय.

साठ रुपयांच्या कामाचे मी ५,१५० मोजले, हे अजून गळ्याखाली उतरत नाही. त्या दोघांच्या बिलावर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. कंपनीचा खरा नंबर वॉरंटीच्या पुस्तिकेत होता. तिथे विचारलं तर आमच्या नावाची तक्रार नोंदलेलीच नव्हती, माणूस पाठवायचा प्रश्नच नाही. बोर्डाचा फोटो, बिल आणि यूपीआयची पावती जोडून मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. काढलेले कंडेन्सर डबीत जपून ठेवलेत.

काल संध्याकाळी मुद्दाम पुन्हा शोधून पाहिलं. जाहिरात तशीच वर आहे, नंबरही तोच. कंपनीचं नाव तेवढं दुसरं आहे.