दीड लाख किलोमीटरनंतर सिंथेटिक इंजिन ऑइल

ओडोमीटरवर दीड लाख किलोमीटर उलटून गेलेल्या माझ्या पेट्रोल गाडीत पहिल्यापासून खनिज ऑइलच पडत आले होते. गेल्या वर्षी ते बंद करून पूर्ण सिंथेटिक ऑइल घातले आणि तेव्हापासून गाडी त्यावरच चालू आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण डब्याच्या दर्शनी बाजूवरील आकर्षक चित्रापेक्षा मागे बारीक अक्षरांत छापलेला ग्रेड आणि त्याखालची मानके यांवरच ऑइलची खरी पारख होते. माझ्या डब्यावर ५डब्ल्यू-४० हा ग्रेड आणि एपीआय एसएन (अमेरिकी), एसीईए ए३/बी४ (युरोपीय) ही मानके होती. गाडीच्या पुस्तिकेत या ग्रेडला परवानगी आहे आणि आधीचे ऑइल १५डब्ल्यू-४० होते, म्हणजे शेवटचा ४० हा आकडा दाखवतो तो इंजिन तापल्यावरचा दाटपणा त्याच वर्गातला राहिला. माझे मत थोडक्यात असे की ऑइल उत्तम आहे, मात्र त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले निम्मे जुन्या इंजिनाला लागू होत नाही.

सर्वांत स्पष्ट फरक सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना जाणवतो. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातील ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरलेले असते आणि पंप ते वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचवेपर्यंत त्याखालच्या टॅपेटची कडकड ऐकू येते. पूर्वी हा आवाज गाडी फाटकाबाहेर काढेपर्यंत रेंगाळत असे; आता सेल्फ मारल्यावर क्षणभर येतो आणि विरतो. ग्रेडमधील ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो: सेल्फ फिरवताना ऑइल किती अडवते याची चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंश सेल्सिअसला, तर १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांना घेतली जाते. इतकी थंडी वाट्याला न येणाऱ्यालाही याचा उपयोग होतो, कारण सिंथेटिक ऑइलचा दाटपणा तापमानाबरोबर कमी बदलतो आणि सौम्य हवेतही ते थंड इंजिनात लवकर वर चढते. इंजिनाची बरीचशी झीज या सुरुवातीच्या काळात होत असल्याने, केवळ या एका गुणासाठीही मी हे ऑइल पुन्हा घेईन.

उष्णतेच्या बाबतीत फायदा खरा असला तरी तो कानाला ऐकू येत नाही. ऑइल २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवून त्याचे किती वजन उडून जाते, हे मोजणारी नोअ‍ॅक नावाची चाचणी आहे. पेट्रोल गाड्यांच्या ऑइलसाठीच्या आयएलएसएसी या आंतरराष्ट्रीय मानकात ही घट १५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि चांगली सिंथेटिक ऑइले त्याच्या बरीच खाली राहतात. त्यामुळे डिपस्टिकवरील पातळी पूर्वीपेक्षा जरा सावकाश उतरते. पण झिजलेल्या पिस्टन रिंगांतून किंवा कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून जे ऑइल जळते, त्याला सिंथेटिक आणि खनिज दोन्ही सारखेच. सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल तर महाग ऑइल घालणे म्हणजे महाग धूर काढणे होय.

आता गळतीविषयी. ‘जुन्या गाडीत सिंथेटिक घातले की गाडी गळायला लागते’ हे वाक्य बहुतेक मेकॅनिक ऐकवतात आणि ते निव्वळ अफवा नाही. सुरुवातीच्या काळातील सिंथेटिक ऑइलांत पॉलिअल्फाओलेफिन या द्रवाचा भर असे आणि त्याने रबरी सील किंचित आकसत. एस्टर प्रकारच्या द्रवांनी उलट ते थोडे फुगतात. आता दोहोंचा किंवा इतर पूरक द्रव्यांचा मेळ घालून हा परिणाम सांभाळला जातो. तरीही जुन्या इंजिनात एक निराळी गोष्ट घडते. वर्षानुवर्षे तापून कडक झालेल्या सीलच्या फटीत जळक्या ऑइलचा गाळ बसलेला असतो आणि गळती अडवण्याचे काम रबराऐवजी तोच करत असतो. नवीन ऑइलाने तो गाळ सुटू लागला की दडलेली फट उघडी पडते.

माझ्या गाडीत नेमके असेच झाले. काही आठवड्यांत टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवर धुळीचा ओलसर काळा पट्टा दिसू लागला. जमिनीवर थेंब पडत नव्हता, पण बोट फिरवले की काळे होत असे. कव्हर उघडल्यावर गॅस्केटचे रबर इतके कडक निघाले की काढतानाच त्याचे तुकडे झाले. नवे गॅस्केट बसवल्यावर ती कड आजतागायत कोरडी आहे. हे काम स्वस्तातले आणि सोपे होते. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचे तसे नाही. त्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून आधीच ऑइल पाझरत असेल, तर आधी सीलचा निर्णय घ्यावा आणि मग ऑइलचा.

साफसफाईचा गुण दुधारी आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पूर्वी तपकिरी लेपाने माखलेली असे. तिथे आता मधूनमधून धातू दिसतो. इंजिनात हाच लेप पातळ थरात असेल तर हळूहळू निघून फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून पहिला फिल्टर मी ठरल्या मुदतीच्या बराच आधी बदलला. मात्र झाकणातून टॉर्च मारल्यावर आत घट्ट काळा गाळ दिसत असेल, तर तो सुटून चेंबरमधील जाळीत अडकण्याचा धोका असतो आणि जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो. अशा इंजिनात फ्लशिंगचे झटपट रसायन घालणे मला तर धाडसच वाटते. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करून घेणे वेळखाऊ असले तरी खात्रीचे आहे.

‘पूर्ण सिंथेटिक’ या शब्दांचा फार दबाव घेऊ नये. १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातील जाहिरातीच्या वादात अमेरिकेतील नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला आणि खनिज तेलावर तीव्र हायड्रोजन प्रक्रिया करून केलेल्या, मूळ तेलांच्या वर्गवारीतील तिसऱ्या गटातील ऑइललाही तिथे सिंथेटिक म्हणण्याचा मार्ग मोकळा झाला. दुकानातील बरीच ‘सिंथेटिक’ ऑइले आज याच गटावर बेतलेली असतात. जुन्या, साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला ती पुरेशी आहेत. चौथ्या गटासाठी, म्हणजे पॉलिअल्फाओलेफिनसाठी, जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

माझा खरा आक्षेप लांबवलेल्या मुदतीला आहे. ऑइल दुप्पट टिकते, म्हणून दुप्पट किंमत वसूल होते, असा हिशेब विक्रेते मांडतात. नव्या इंजिनात तो काही अंशी बरोबर असेलही. जुन्या इंजिनात रिंगांच्या बाजूने जळके वायू, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ सतत चेंबरमध्ये उतरत असते. मूळ द्रव टिकाऊ असला तरी आम्ल मारणारी आणि मळ धरून ठेवणारी पूरक द्रव्ये या घाणीने संपतातच. त्यातून गाडी जवळच्या अंतरावरच फिरत असेल तर इंजिन पुरते तापत नाही आणि पाणी उडून जात नाही. मी पुस्तिकेतील जुनीच मुदत पाळतो, त्यामुळे पैशांची बचत शून्य आहे हे मान्य करावे लागेल.

‘हाय मायलेज’ असे लिहिलेल्या वेगळ्या ऑइलांचाही विचार जरूर करावा. त्यांत सील मऊ राखणारी द्रव्ये अधिक असतात आणि ती अर्धसिंथेटिक प्रकारातही मिळतात. किरकोळ पाझर असलेल्या गाडीला माझ्या ऑइलपेक्षा तीच अधिक मानवतील. गाडी फारच जुनी, म्हणजे रोलर नसलेल्या सपाट टॅपेटची असेल तर जस्त आणि फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्याचे प्रमाण पाहावे, कारण आयएलएसएसी मानकाच्या पातळ ग्रेडांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. मोटारसायकलवाल्यांनी मात्र मोटारीचे ऑइल न घालता जासो एमए हे जपानी मानक छापलेलेच घ्यावे, नाहीतर ऑइलात बुडालेला क्लच घसरू शकतो.

प्रयोग पटला नाही तर परतीची वाट बंद होत नाही: एकाच मानकाची खनिज आणि सिंथेटिक ऑइले एकमेकांत मिसळतात, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा खनिज ऑइल घातले तरी इंजिनाला काही होत नाही. बदल केल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला, गाडी सपाट जागी उभी करून, डिपस्टिक पुसून पातळी पाहावी आणि त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवावा.