एनसीसी की स्काऊट? दोन लेकरांच्या अनुभवावरून

जून उजाडला की इथं परभणीत ओळखीचे पालक हमखास विचारतात, "लेकराला एनसीसीत घालावं का स्काऊटमध्ये?" आमचा थोरला एनसीसीत होता, धाकटा स्काऊटमध्ये आहे. तेवढ्याच भांडवलावर सांगतो.

पोरगं फौजेत जायचं म्हणत असेल तर एनसीसीच बरी. पुढे कॉलेजात एनसीसीचं सगळ्यात वरचं 'सी' सर्टिफिकेट मिळालं तर भरतीत उपयोग होतो. थोरल्याचा वक्तशीरपणा तिथलाच. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला त्याची तुकडी मैदानात उतरली तेव्हा ऊर भरून आला होता.

मला एकच गोष्ट खटकली, आणि ती खटकतच राहिली. सांगितल्याशिवाय तो हलायचा नाही. एका शनिवारी गल्लीत टँकर आला. चिखलात शेजारच्या आजी घसरल्या, मनगटावर पडल्या. थोरला धावला, जवळ जाऊन ताठ उभा राहिला आणि मला म्हणाला, "पप्पा, काय करू?" धाकटा नुकताच शाळेतून आलेला. त्यानं गळ्यातला स्कार्फ सोडला, आजींचा हात अलगद झोळीत घेतला आणि मणक्यावर रुतू नये म्हणून गाठ मानेच्या बाजूला मारली. अकरा वर्षांचं पोर! स्वभावाचाही फरक असेल, दोन पोरांवरून नियम काढू नये हे कळतं मला.

तरी स्काऊटची घडणच तशी आहे असं वाटतं. सहा-आठ पोरांचा संघ, नायक त्यांच्यातलाच. शिबिरात भात करपला तर तोच खायचा, आणि उद्या चुलीपाशी कोण बसणार ते आपसांत ठरवायचं. स्काऊट सुरू करणाऱ्या बेडेन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेही पोरांचे असेच छोटे संघ पाडून. भारत स्काऊटच्या नऊ नियमांत शिस्त आहे, पण ती सहावी. पहिला नियम, स्काऊट विश्वासू असतो. मला हा क्रम पटतो.

मात्र बऱ्याच शाळांत स्काऊट कागदावरच असतो, ७ नोव्हेंबरच्या स्थापना दिनापुरते स्कार्फ बाहेर निघतात. म्हणून आधी विचारा, सरांचं प्रशिक्षण झालंय का, पथक दर आठवड्याला जमतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा आणि आठवी-नववीत एनसीसी बघा. नीट आलं, तर पाचवीतल्या लेकराला मी तरी स्काऊटमध्येच घालीन.