पोस्टर झकास, फ्रेम मात्र बदलून घ्या

रत्नागिरीच्या बाजारातल्या या फ्रेमवाल्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानदलाच्या प्रचार-पोस्टरांच्या प्रती फ्रेमसकट मिळतात. चर्चिलच्या २० ऑगस्ट १९४० च्या भाषणातलं वाक्य असलेलं, आभाळाकडे बघणाऱ्या वैमानिकांचं पोस्टर त्यात सरस. माप त्या काळचंच, 'डबल क्राउन', म्हणजे २० बाय ३० इंच. छापील प्रत स्कॅन केली की सपाट रंगात ठिपक्यांची जाळी उमटते. इथे ती नाही. निळा तेवढा जरा भडक.

फ्रेम मात्र कोकणातल्या हवेचा विचार न करता ठोकलेली. कागद थेट काचेला टेकतो. पावसाळ्यात आत ओल धरली की शाई काचेला चिकटते आणि सोडवायला गेलं की चेहऱ्याचा तुकडा काचेवरच राहतो! पाठीचा एमडीएफ फुगतो, लोखंडी चुका खाऱ्या वाऱ्याने गंजतात. ऑर्डर देतानाच बजावून सांगा: चारी बाजूंनी २ इंच आम्लरहित माउंट, म्हणजे कागद काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट (बाहेरचं माप २४ बाय ३४ धरा), पाठीला सनपॅक, म्हणजे प्लास्टिकचा पोकळ पत्रा, आणि चुका पितळी. पोस्टर पांढऱ्या गोंदाने पूर्ण डकवू देऊ नका, वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्या पुरतात. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बुचं लावली तर भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. माउंटचे पैसे वेगळे पडतात.