‘सर, टाकी तयार आहे, मासे टाका’: समुद्री ॲक्वेरियमच्या नावाखाली मला कसं गंडवलं

खाऱ्या पाण्याच्या टाकीत फसवायला फार डोकं लागत नाही, कारण विकलेला निम्मा माल डोळ्यांना दिसतच नाही. काच, पंप, लाइट, हीटर आपण हातात घेऊन बघतो. दगडातले जिवाणू, पाण्यातला अमोनिया, माशाच्या पोटातली भूक यांच्याबाबतीत मात्र दुकानदार बोलेल ते खरं. माझ्या दुकानदाराने काच आणि पंपात काडीचीही लबाडी केली नाही, उलट मी न मागता सूट दिली. विश्वास तिथे कमावला आणि वसुली पुढच्या मालात केली.

सुरुवात लाइव्ह रॉकपासून. हे समुद्रातून आलेले किंवा बराच काळ खाऱ्या पाण्यात मुरवलेले सच्छिद्र दगड असतात. त्यांच्यावर आणि आत जिवाणूंची वस्ती असते, आणि टाकीचं खरं फिल्टर तीच. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. कोऱ्या टाकीत ही साखळी बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि तोवर टाकलेला मासा स्वतःच्याच अमोनियात भाजून निघतो. दुकानदार म्हणाला, “सर, आपला रॉक क्युअर केलेला आहे, म्हणजे आधीच मुरवून तयार. तुम्हाला थांबायची गरजच नाही.” थांबायचं नाही म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

दगड आले ते कोरड्या खोक्यात. खरा लाइव्ह रॉक पाण्यात किंवा ओल्या कागदात गुंडाळून येतो. वाळला की त्याच्यातला जीव मेलाच. माझ्या दगडांवर सुरेख जांभळा रंग होता. खऱ्या दगडावर कोरॅलाइन नावाच्या शेवाळाचा जांभळा थर उजेड मिळेल तसा ठिगळाठिगळाने चढतो, कुठे गडद, कुठे फिका, कुठे गुलाबी. हा रंग मात्र खालून, वरून, अगदी खोल भोकांच्या आतही एकसारखा होता. सुरीच्या टोकाने खरवडला तर पातळ साल निघाली आणि खाली स्वच्छ पांढरा दगड. वास घेतला. चांगल्या लाइव्ह रॉकला समुद्राचा वास येतो, खराब झालेल्याला सडका. याला कसलाच नव्हता. रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला. खऱ्या दगडावर त्या वेळी बारीक किडे, ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे चिमुकले जीव), काटेरी अळ्या असं काही ना काही पळताना दिसतं. इथे सगळं सामसूम.

कोरडा दगड मुळात वाईट नसतो हेही सांगतो. नको असलेले जीव घरात येऊ नयेत म्हणून बरेच जण मुद्दाम त्यावरच टाकी सुरू करतात आणि निमूट वाट बघतात. मला तो जिवंत म्हणून जिवंताच्या भावात विकला, आणि वर ती वाट बघायची मुदतही खाऊन टाकली.

टाकीत पाणी भरून झाल्यावर तो स्वतः टेस्ट करायला आला. पाण्यात एक पट्टी बुडवली, चौकोनांचे रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवले आणि म्हणाला, “बघा, सगळं नॉर्मल.” त्या पट्टीवर पीएच होता, क्षारता होती, नायट्राइट होतं, नायट्रेट होतं. अमोनियाचा चौकोनच नव्हता! एकाच पट्टीत पाच-सहा चाचण्या देणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये तो नसतो, अमोनियाची टेस्ट वेगळी घ्यावी लागते. नव्या टाकीत नायट्राइट आणि नायट्रेट शून्य दिसलं तर त्याचा अर्थ ‘पाणी शुद्ध’ असा नसतो, साखळी अजून सुरूच झालेली नाही असाही असू शकतो. नंतर मी थेंब टाकायची अमोनियाची लिक्विड किट आणली. पाणी स्वच्छ असेल तर तिचा रंग पिवळा राहतो. माझ्या नळीत तो बघता बघता हिरवा झाला. तोवर मासे टाकीत होते आणि पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते.

माशांमधली पहिली लबाडी अशी की तिचं आता हसू येतं. क्लाउनफिशच्या ‘कन्फर्म नर-मादी जोडी’चे त्याने जास्त पैसे लावले. दोन्ही बोटाच्या पेरांएवढी पिल्लं. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत मोठा आणि दांडगा पुढे मादी होतो. लहान-मोठी अशी कुठलीही दोन पिल्लं एकत्र वाढवली की बहुतेक वेळा जोडी आपोआप जमते. म्हणजे निसर्ग फुकट करून देतो त्याचं बिल माझ्या नावावर.

मँडरिनचं मात्र हसू येत नाही. निळ्या-केशरी नक्षीचा हा मासा दिवसभर दगडांवरून चोच मारत फिरतो आणि मुख्यतः कोपेपॉड नावाचे बारीक जीव खातो. ते पुरेसे पैदा होण्यासाठी जुनी, मुरलेली टाकी आणि जिवंत दगड लागतात. दुकानदार म्हणाला, “काहीपण खातो सर, पेलेट टाका.” पेलेट, म्हणजे तयार खाद्याचे दाणे, त्याच्या नाकासमोरून खाली जायचे आणि तो रंगवलेल्या दगडावर काहीतरी शोधत राहायचा. पोट आत गेलं, पाठीच्या बाजू खपाटीला लागल्या. एका खोटेपणावर दुसरा असा बसतो: दगड खरा असता तर निदान काही दिवस त्याला चरायला मिळालं असतं.

तसाच तो लिंबासारखा पिवळाधमक ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), “रेअर कलर” म्हणून दिलेला. ॲनिमोनचा तपकिरी रंग त्याच्या शरीरातल्या सूक्ष्म शैवालाचा असतो, आणि उजेडातून त्याला अन्न मिळतं ते त्याच शैवालाकडून. ते निघून गेलं की तो पांढरा पडतो, आणि असे पांढरे पडलेले ॲनिमोन रंगवून विकले जातात. माझ्या पिशवीतलं पाणीच पिवळसर होतं, तोंड सैल उघडं होतं. रंग फिका होत गेला आणि प्राणी आक्रसत गेला.

मग माशांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. या रोगाचा परजीवी साधारण 3 ते 7 दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून तळाशी कवचात जातो, आणि तिथून नवी पिल्लावळ बाहेर पडते. दुकानदाराने ‘रीफ सेफ’ म्हणून, म्हणजे प्रवाळ-कोळंबीला अपाय न करणारी, बाटली दिली. ठिपके गेले! ते कशानेही गेले असते. पुढच्या फेरीत दुप्पट आले, तेव्हा दुसरी, जास्त ‘स्ट्राँग’ बाटली. तिच्यात तांबं होतं. या रोगावर तांबं खरंच चालतं, पण वेगळ्या टाकीत आणि मोजून. मुख्य टाकीत त्याने कोळंबी आणि गोगलगायी मारल्या, वर दगडात मुरून बसलं ते वेगळंच.

दर मृत्यूनंतर दुकानात एकच उत्तर: “तुम्ही पिशवीतून टाकीत सोडताना घाई केली असेल.” आणि सोबत नवा मासा, नवी बाटली. मासा जगला तर गिऱ्हाईक महिनोन्‌महिने फिरकत नाही. मेला तर त्याच आठवड्यात येतं.

तक्रार करायला निघालो तेव्हा बिल काढलं. त्यावर होतं ‘फिश असॉर्टेड’, ‘रॉक’, ‘मेडिसिन’. कुठला मासा, कुठला दगड, कसलं औषध, काहीच सिद्ध होईना. म्हणून आता सांगतो ते खरेदीआधी करा. बिलावर जातीचं नाव, पाळीव पैदास की समुद्रातून पकडलेला, आणि दुकानात कधी आला ते लिहून मागा. फिलिपीन्समध्ये 1960 च्या दशकापासून शोभेचे मासे सायनाइडने गुंगवून पकडले गेले आहेत. असा मासा दिसायला ठणठणीत असतो आणि नंतर मरतो, त्यामुळे ‘कालच आला’ हे भूषण समजू नका. त्याला दुकानातच आठवडा-दोन आठवडे राहू द्या आणि तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. कडक प्रवाळ आणि समुद्री घोडे साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, देशाबाहेरून आलेल्या मालाला परवाना लागतो. तो दाखवा म्हणा. अमोनियाची किट स्वतःची घेऊन जा आणि दुकानाच्या टाकीतलं पाणी तिथेच तपासा. माझ्या दुकानदाराला मी नंतर हे सगळं विचारलं, तेव्हा त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत “सर, एवढं कोण बघतं” म्हटलं आणि पिशवीला गाठ मारायला लागला.