पुश-फोल्ड तक्ता: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये चिप्स कमी उरल्या की सगळं लावायचं (पुश) की पत्ते टाकायचे (फोल्ड), हे सांगणारा तक्ता घ्यावा का? घ्या. पण तो पाठ झाला म्हणजे टूर्नामेंट आली, असं समजून घेऊ नका.

आधी आमचा डाव कसा चालतो ते सांगतो. बेळगावच्या वडगावात आमच्या माडीवर शनिवारी रात्री आठ जण बसतो. पैसे लावत नाही, गुण मांडतो: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकी कोरे. ऑनलाइन पैसे लावायची वाट तशीही बंद झाली. कर्नाटकानं २०२१ मध्ये आणलेली बंदी २०२२ च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं उडवली होती, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचाच कायदा आला. चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत जाणारे जातात, त्यांचं ते बघतील.

तक्ता म्हणजे लॅमिनेट केलेला एक कागद. हातात येणाऱ्या सुरुवातीच्या दोन पत्त्यांच्या १६९ प्रकारांचे चौकोन, आणि प्रत्येकात एक आकडा: तुमच्याकडे इतकी बिग ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी पाळीपाळीनं सक्तीनं लावायची रक्कम; स्मॉल ब्लाइंड तिच्या निम्मी) किंवा त्याहून कमी उरली असतील तर सगळं पुढे सरकवा, म्हणजे ऑल इन, नाहीतर पत्ते टाका. छपाई बेताची आहे. लाल आणि नारिंगी चौकोन माडीवरच्या पिवळ्या बल्बखाली सारखेच दिसतात. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, उजेडात बघा. बरं.

आता कामाचं. ब्लाइंड १००-२००, वर एकूण २०० चा अँटी (ब्लाइंडशिवायची सक्तीची भर), आणि तुमच्याकडे २,००० चिप्स. पत्ते वाटायच्या आधीच मध्ये ५०० पडलेत, म्हणजे तुमच्या ढिगाचा चौथा हिस्सा. नुसतं बसून राहिलात तर चार फेऱ्यांत खलास. अशा वेळी आमच्यातले बहुतेक जण ‘चांगला पत्ता येऊ दे’ म्हणत थांबायचे, आणि तो येईपर्यंत दुप्पट होऊनही उपयोग नसायचा. तक्त्यानं ही सवय मोडली. स्मॉल ब्लाइंडवर दहा ब्लाइंड उरलेत आणि बाकीच्यांनी पत्ते टाकलेत, तर कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, एका रंगाची अठ्ठी-सत्तीसुद्धा पुढे सरकवायची. पहिल्यांदा हात थरथरतो. दोन-तीन शनिवारांनंतर नाही.

अठ्ठी-सत्तीपाशीच तक्त्याची मर्यादाही कळते. हा आकडा समोरचा हिशेबानं खेळतो असं धरून काढलेला असतो. तो बऱ्याचदा पत्ते टाकेल, म्हणून तुमचा जोर फळतो. आमचे दाजी आयुष्यभर तीन पत्ती खेळलेले. ते टाकतच नाहीत. ‘दाजी, ऑल इन आहे हं,’ म्हटलं की म्हणतात, ‘असू दे की, बघू या.’ कुठल्याही दोन पत्त्यांशी भिडवली तर अठ्ठी-सत्ती निम्म्याच्या खालीच जिंकते. त्यामुळे दाजी बिग ब्लाइंडवर असतील तर मी तिला हात लावत नाही, एक्के आणि जोड्या मात्र बिनधास्त ढकलतो. शेजारचा गोकाकचा मित्र याच्या उलट. त्याच्या तोंडी ‘बरली, बरली’ (कन्नडमध्ये ‘येऊ दे’) चालू असतं, पण ऑल इन ऐकलं की पत्ते खाली. त्याच्यावर तक्त्यापेक्षाही सैल खेळावं, म्हणजे आणखी हलक्या पत्त्यांवरही ढकलावं.

दुसरी उणीव मोठी आहे, आणि ती पाकिटावर कुठेच लिहिलेली नाही. तक्ता चिप्स मोजतो, गुण मोजत नाही. तिघे उरलेत, तिघांकडे सारख्या चिप्स, असं धरा. प्रत्येकाची किंमत १०० गुणांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३.३. एकानं ऑल इन केलं, तुम्ही कॉल केलंत, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून भिडलात. जिंकलात तर दोन तृतीयांश चिप्स तुमच्या, पण किंमत होते ४३.३ (५० चे दोन तृतीयांश आणि ३० चा एक तृतीयांश). हरलात तर तिसरा नंबर, २० गुण. मिळकत दहाची, नुकसान तेरा-साडेतेराचं. म्हणजे कॉल करायला निम्मी शक्यता पुरत नाही, ५७ टक्क्यांच्या वर लागते. एक्का-राजा हातात आला की माणूस हुरळतो, पण समोर दुर्रीची जोडी असली तरी तो जेमतेम ४७ टक्क्यांवर असतो. या हिशेबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. त्यातून निघणारी गंमत अशी की, ढकलणाऱ्याला याचा फायदा आणि कॉल करणाऱ्याला तोटा. म्हणून शेवटच्या तिघांत ऑल इन आधी आपण म्हणावं, दुसऱ्याची वाट बघू नये.

मोबाईलवरचं ब्लाइंडचं घड्याळ फुकटातलं आहे, चालतं. पावसात लाइट गेली तरी फोन चालू असतो, हे बरं. ५,००० चिप्स आणि २५-५० ब्लाइंड, म्हणजे १०० बिग ब्लाइंडनं सुरुवात करतो, दर २० मिनिटांनी वाढ. आठ जणांच्या मिळून ४०,००० चिप्स होतात, त्यामुळे बिग ब्लाइंड २,००० झालं की सगळ्या टेबलावर वीसच ब्लाइंड उरतात आणि डाव आपोआप आटोपतो. लवकर संपवायचं म्हणून दहा मिनिटांची पातळी ठेवू नका. मग पहिल्या तासातच सगळे तक्त्यावर येतात आणि फ्लॉपनंतरचा, म्हणजे टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यानंतरचा खेळ कुणी खेळतच नाही.

निपाणीच्या मेहुण्यानं तक्ता कुठे मिळतो म्हणून विचारलं. माझा झेरॉक्स करून दिला, काळ्या-पांढऱ्यात आकडे जास्त स्पष्ट दिसतात.